धीट रूपके, अबोल इतिहास

पूर्ण लांबीचा पहिला जपानी ॲनिमेशनपट पडद्यावर आला तो एप्रिल १९४५ मध्ये, आणि तो बनवून घेतला होता जपानी नौदलाने. ‘मोमोतारो : समुद्रावरचे दैवी सैनिक’ हा तो चित्रपट, दिग्दर्शक मित्सुयो सेओ. लोककथेतला, पीचच्या फळातून जन्मलेला मोमोतारो इथे सेनापती झाला आहे. अस्वल, माकड, कुत्रा हे त्याचे सोबती हवाई छत्रीने उतरणारे सैनिक आहेत आणि दक्षिणेकडच्या एका बेटावरच्या प्राण्यांना ते गाण्यातून जपानी मुळाक्षरे शिकवतात. हा प्रसंग इतका लडिवाळ आहे की साम्राज्याचा सगळा कारभार त्याच्या गोडव्यात विरघळून जातो. शेवटी डोक्यावर शिंग असलेले गोरे अधिकारी चाचरत शरण येतात. चित्रपट झळकला तेव्हा मार्चमधल्या हवाई हल्ल्याने टोकियोचा मोठा भाग राख झाला होता, शहरातली मुले खेड्यापाड्यांत हलवली गेली होती, त्यामुळे तो फार थोड्यांनी पाहिला. त्या थोड्यांत ओसाकात तो पाहणारा सोळा वर्षांचा एक मुलगा होता, ओसामू तेझुका. तो भारावून गेला आणि आपणही कधीतरी ॲनिमेशन करायचे असे त्याने मनाशी धरले. अठरा वर्षांनी, १ जानेवारी १९६३ रोजी, त्याच तेझुकांचा ‘ॲस्ट्रो बॉय’ दूरचित्रवाणीवर सुरू झाला आणि आज आपण ज्याला ॲनिमे म्हणतो त्याची घडी बसली.

ॲनिमेत राजकारण असते का, असे कुणी विचारले तर या जन्मकथेपलीकडे वेगळे उत्तर द्यायची गरज नाही. विचारण्यासारखा प्रश्न दुसरा आहे: ही कला कोणत्या राजकारणाविषयी मोकळेपणाने बोलते आणि कोणत्या ठिकाणी तिचा आवाज बसतो? गेल्या साठ वर्षांतली महत्त्वाची कामे पाहिली की एक गोष्ट वारंवार दिसते. सत्ता कशी चालते, चांगली माणसे तिच्या यंत्रात कशी सामील होतात, विकास नावाच्या गोष्टीची किंमत कोण मोजते, हे ॲनिमेने ज्या बारकाईने दाखवले आहे तसे जगातल्या फार थोड्या लोकप्रिय कलांना जमले आहे. मात्र ही बारकाई बहुतेक वेळा कल्पित राज्यांत, भविष्यातल्या शहरांत, पशूंच्या नाहीतर देवतांच्या जगात वावरते. ज्या क्षणी खऱ्या देशाचे, खऱ्या अपराधाचे नाव घ्यायची वेळ येते, त्या क्षणी तीच कला बिचकते. हा केवळ धैर्याचा अभाव नाही. त्यामागे सौंदर्यविचार आहे, बाजार आहे, समाजाचा दाबही आहे. पण परिणाम एकच होतो, आणि तो या कलेचे नुकसान करणारा आहे.

आधी तिचे मोठेपण नीट समजून घेऊ, कारण ते मान्य केल्याशिवाय पुढची तक्रार करण्याचा अधिकार मिळत नाही. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या तोएई ॲनिमेशन कंपनीत साठच्या दशकात कामगार संघटना जोरात होती. इसाओ ताकाहाता तिचे उपाध्यक्ष होते, हायाओ मियाझाकी सरचिटणीस. या दोघांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांची घडण त्या संघटनेच्या बैठकांत झाली. ताकाहातांचा पहिला चित्रपट ‘होल्स : सूर्याचा राजपुत्र’ १९६८ मध्ये आला. वरवर ती राक्षसाशी लढणाऱ्या मुलाची साहसकथा आहे, पण लढाई जिंकतो तो एकटा नायक जिंकत नाही. संशय, अफवा आणि फितुरीने पोखरलेले एक गाव पुन्हा एकत्र यायला शिकते आणि मग जिंकते. मासे पकडण्याची, लग्नाची, सामूहिक श्रमाची दृश्ये त्यात ज्या निष्ठेने काढली आहेत, त्यात संघटित माणसांवरचा विश्वास थेट दिसतो. कंपनीला हे फारसे रुचले नाही. ताकाहातांना तोएईत पुन्हा पूर्ण लांबीचा चित्रपट दिग्दर्शित करायला मिळाला नाही. पण एक गोष्ट त्यांनी सिद्ध करून ठेवली: मुलांसाठी म्हणून बनवलेल्या चित्रपटात समाजरचनेचा विचार मांडता येतो, आणि तो भाषणातून न मांडता माणसे काम कसे करतात ते दाखवून मांडता येतो.

हीच रीत दूरचित्रवाणीवर योशियुकी तोमिनो यांनी १९७९ च्या ‘मोबाइल सूट गुंदाम’मध्ये वापरली. ही मालिका खेळणी विकण्यासाठी होती, पुरस्कर्ती कंपनी खेळण्यांचीच होती. महाकाय यंत्रमानव दुष्टांना चिरडतो, एवढीच तिच्याकडून अपेक्षा होती. तोमिनोंनी त्या चौकटीत एक युद्ध घातले, ज्यात पहिल्या काही आठवड्यांतच निम्मी मानवजात मारली गेली आहे. पृथ्वीवरचे सरकार सुस्त आणि स्वार्थी आहे. त्याच्याविरुद्ध उठलेले झिऑन नावाचे राज्य अवकाशातल्या वसाहतींवर झालेल्या अन्यायाची खरी तक्रार घेऊन निघते आणि एका घराण्याच्या हुकूमशाहीत जाऊन पोचते. पंधरा वर्षांचा नायक आमुरो यंत्रात बसतो तो शौर्यापोटी बसत नाही, त्याला बसवणारे कोणी उरलेले नाही म्हणून बसतो. शत्रूच्या बाजूचे सैनिकही घरच्या आठवणी काढणारी साधी माणसे आहेत. खेळणी खपेनात, प्रेक्षक कमी पडले, बावन्न भागांची ठरलेली मालिका त्रेचाळिसाव्या भागावर आटोपण्यात आली. नंतर तिला जो अफाट लोकाश्रय मिळाला तो तिच्या पुनःप्रसारणांनी आणि प्लॅस्टिकच्या प्रतिकृतींनी मिळवून दिला. न्याय्य तक्रारीतून फॅसिझम कसा उगवतो हे शाळकरी मुलांना समजेल असे सांगणारी मालिका १९७९ च्या जपानमध्ये सायंकाळी लागत होती, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

या रीतीची सर्वांत पक्व फळे नव्वदच्या दशकात दिसली, आणि त्यांतले ताकाहातांचे ‘पोम पोको’ (१९९४) हे माझ्या मते आजही पुरेसे न वाचले गेलेले राजकीय चित्र आहे. विषय खरा आहे: टोकियोच्या पश्चिमेला तामा टेकड्या कापून वसवलेली तामा न्यू टाउन ही प्रचंड वसाहत. टेकड्यांवरचे तानुकी, म्हणजे रूपे बदलू शकणारे लोककथेतले प्राणी, आपले जंगल वाचवायला उभे राहतात. त्यांच्या चळवळीत काय काय होते ते पाहा. सभा होतात, ठराव होतात, बाहेरून अनुभवी नेते बोलावले जातात, जहाल आणि मवाळ असे तट पडतात, मधेच खाण्यापिण्यात सगळे लक्ष विसरले जाते. गोंता नावाचा जहाल नेता अपघात घडवून माणसे मारतो आणि इतरांना आधी आनंद होतो, मग लाज वाटते. सर्व शक्ती पणाला लावून ते शहरात भुताखेतांची भव्य मिरवणूक काढतात. माणसे घाबरण्याऐवजी टाळ्या वाजवतात, आणि दुसऱ्या दिवशी एक करमणूक उद्यान जाहीर करते की तो आमच्या जाहिरातीचाच भाग होता. निषेधाचे रूपांतर तमाशात आणि तमाशाचे जाहिरातीत कसे होते, यावर इतके नेमके भाष्य मी दुसऱ्या चित्रपटात पाहिलेले नाही. शेवटी काही तानुकी पोलिसांवर चालून जाऊन मरतात, काही भ्रमिष्ट होऊन धर्माच्या नावेत बसून निघून जातात, आणि जे बदलू शकतात ते माणसाचे रूप घेऊन गर्दीच्या लोकलमधून नोकरीला जाऊ लागतात. साठच्या दशकातल्या विद्यार्थी चळवळींची आणि शेतकऱ्यांच्या जमीन-लढ्यांची ही पराभवाची बखर आहे. ती हसवते आणि हसण्याची लाज वाटायला लावते.

मियाझाकींचा ‘प्रिन्सेस मोनोनोके’ (१९९७) याच प्रश्नाला दुसरीकडून भिडतो. जंगल तोडून लोखंड गाळणारी एबोशी खलनायिका म्हणून सहज रंगवता आली असती. पण तिच्या भट्टीवर भाता चालवणाऱ्या स्त्रिया वेश्यावस्तीतून सोडवून आणलेल्या आहेत, आणि तिच्यासाठी बंदुका बनवणारी, अंगभर पट्ट्या गुंडाळलेली माणसे कुष्ठरोगी आहेत. त्यांना माणूस म्हणून वागवणारी ती पहिली आहे. मध्ययुगीन जपानमधल्या शेती न करणाऱ्या, फिरत्या, बहिष्कृत समूहांवर इतिहासकार अमिनो योशिहिको यांनी जे काम केले त्याचा ठसा या चित्रपटावर आहे. कुष्ठरोग्यांची पात्रे घालण्याआधी मियाझाकी टोकियोजवळच्या तामा झेन्शोएन या रुग्णाश्रमात गेले होते. रुग्णांना जन्मभर कोंडून ठेवणारा जपानचा कायदा रद्द झाला १९९६ मध्ये, चित्रपट आला त्याच्या पुढच्याच वर्षी. पडद्यावर मात्र त्या आजाराचे नाव स्पष्ट उच्चारलेले नाही. आपण कुष्ठरोगीच चितारले होते, असे मियाझाकींनी पुढे जाहीरपणे सांगितले. इथे रूपकाने काम चोख केले आहे, कारण पाहणाऱ्याला निसर्ग आणि माणूस यांतली निवड करू दिली जात नाही. गरिबाची सुटका आणि जंगलाचा नाश एकाच भट्टीत होतो, आणि दोन्ही खरे आहेत. तरीही न उच्चारलेल्या त्या नावाकडे लक्ष असू द्यावे.

मामोरू ओशी यांचा ‘पॅटलेबर २’ (१९९३) तुलनेने कमी पाहिला गेला, पण वर्तमानावर तो जितका जवळून बोलला तितके फार थोडे चित्रपट बोलले. जून १९९२ मध्ये जपानने शांतिसेनेत सहभागाचा कायदा केला आणि त्याच वर्षी आपले स्वसंरक्षण दल कंबोडियाला पाठवले. युद्ध त्यागलेल्या राज्यघटनेशी हे कसे जुळते यावर देशात वादळ उठले होते. ओशींचा चित्रपट सुरू होतो तो आग्नेय आशियातल्या शांतिमोहिमेतल्या एका तुकडीपासून. गोळी झाडायची परवानगी न मिळाल्याने ती मारली जाते. वाचलेला अधिकारी त्सुगे टोकियोत परततो आणि एकाही मागणीशिवाय शहरात युद्धाचा आभास उभा करतो. योकोहामाचा पूल क्षेपणास्त्राने तुटतो, पोलीस आणि लष्कर एकमेकांवर संशय घेऊ लागतात, बर्फ पडत असताना रस्त्यांवर रणगाडे उभे राहतात आणि लोक त्यांच्या शेजारून कामावर जात राहतात. चित्रपटाच्या मध्यावर दोन अधिकाऱ्यांचा एक लांब संवाद आहे. इतरांच्या युद्धांवर पोसलेली, स्वतःच्या अंगाला झळ लागू न देणारी शांतता खरोखर शांतता म्हणायची का, असा त्याचा रोख आहे. जपानची समृद्धी कोरियातल्या आणि व्हिएतनाममधल्या युद्धांच्या पाठीवर उभी राहिली हे या रोखात अध्याहृत आहे, आणि जपानी ॲनिमेने आपल्या प्रेक्षकाला थेट आरोपीच्या जागी बसवल्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो दमदार आहे. रूपक हीच ॲनिमेची ताकद असेल, तर त्याच्याकडून नावे मागायची कशाला? काढलेले चित्र मुळातच वास्तवापासून एक पाऊल दूर असते; त्या अंतरामुळेच ते कोणत्याही देशातल्या माणसाला आपले वाटते. झिऑनमध्ये जर्मन माणूस जर्मनी पाहील, आपण आपल्या आसपासचे काही पाहू. नाव घातले की ते वर्तमानपत्र होते, असे या आक्षेपाचे म्हणणे. यातले अर्धे मला मान्य आहे. पण नाव नसलेल्या रूपकाचे काय होऊ शकते, हे पाहायचे तर ‘अटॅक ऑन टायटन’ (२०१३–२०२३) पाहावे. हाजिमे इसायामा यांच्या या कथेत एल्डियन नावाची जमात कोंडवाड्यात राहते, दंडावर पट्टी बांधते, तिच्या पूर्वजांच्या पापांसाठी तिचा रोज अपमान होतो. दृश्ये उघडउघड युरोपातल्या ज्यूंच्या छळाची आहेत. मात्र कथेत त्या जमातीने पूर्वी खरोखर जगावर राक्षसी सत्ता गाजवलेली आहे. छळ झालेल्यांचे चित्र आणि साम्राज्य गाजवलेल्यांचा इतिहास असे दोन वेगळे धागे इथे एकाच पात्रात विणले गेले, आणि परिणाम असा झाला की कुणी ही कथा फॅसिझमविरोधी म्हणून वाचली, तर कुणी आपल्या राष्ट्राच्या दुखावलेल्या अभिमानाचे समर्थन म्हणून. कथेचा शेवट द्वेषाच्या साखळीवर हळहळतो, ती कुणी घडवली यावर बोलत नाही. ही संदिग्धता कलेची श्रीमंती आहे असे म्हणणारे समीक्षक आहेत. मला ती मोजमाप न घेता वापरलेल्या प्रतिमेची किंमत वाटते. दुसऱ्याच्या इतिहासाची पट्टी पात्राच्या दंडावर बांधायची, आणि त्या इतिहासाचे उत्तरदायित्व मात्र घ्यायचे नाही, हे रूपकाला न पेलणारे ओझे आहे.

खरी कसोटी लागते ती युद्धाच्या आठवणीपाशी. ताकाहातांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ (१९८८) अकियुकी नोसाका यांच्या कथेवर बेतलेला आहे: कोबे शहर जळाल्यावर चौदा वर्षांचा सेइता आणि चार वर्षांची सेत्सुको हळूहळू उपासमारीने मरतात. ताकाहाता स्वतः नऊ वर्षांचे असताना ओकायामावरच्या हल्ल्यातून वाचलेले. या चित्रपटाला जगभर युद्धविरोधी म्हटले जाते, आणि दिग्दर्शकाने मात्र ते नाकारले. अशा चित्रपटांनी युद्धे थांबत नाहीत, असे त्यांचे मत होते. ते बरोबर सांगत होते असे मला वाटते. चित्रपट नीट पाहिला तर त्यात करुणेबरोबर एक कठोर निरीक्षण आहे. सेइताचा बाप नौदलात अधिकारी आहे, मुलगा आरमारी कूचगीत म्हणतो, आरमार बुडाल्याचे ऐकून त्याचे जगच कोसळते. साम्राज्य त्या पोराच्या अभिमानात मुरलेले आहे, आणि काही अंशी त्याच अभिमानामुळे तो मावशीचे घर सोडून बहिणीला गुहेत नेतो. इतके ताकाहाता दाखवतात. पण त्या आरमाराने शांघायपासून सिंगापूरपर्यंत काय केले, याचा पुसटसा सुगावाही चित्रपटाच्या चौकटीत येत नाही. चौदा वर्षांच्या मुलाला ते ठाऊक नसणार, हे खरेच. मात्र एकामागून एक चित्रपट लहान मुलाच्या नाहीतर घरातल्या स्त्रीच्या डोळ्यांतूनच युद्ध पाहू लागले, की ही निवड एका कथेची राहत नाही. साऱ्या कलाप्रकाराची सवय बनते. ज्याला ठाऊक नव्हते त्याच्याच खिडकीतून पाहायचे ठरवले, की ठाऊक असलेल्यांना कधी बोलावे लागत नाही.

सुनाओ काताबुची यांचा ‘इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड’ (२०१६) या सवयीचा सर्वोत्तम आणि म्हणूनच सर्वांत बोलका नमुना आहे. फुमियो कोनो यांच्या चित्रकथेवरून हा चित्रपट करायला पैसा मिळेना, तेव्हा तीन हजारांहून अधिक सामान्य लोकांनी वर्गणी भरून तो उभा केला. हिरोशिमाची सुझू लग्न होऊन कुरे या आरमारी बंदरात येते; रेशनच्या तांदळात रानभाज्या घालून स्वयंपाक करते, जहाजांची चित्रे काढते आणि बॉम्बच्या स्फोटात उजवा हात आणि भाची दोन्ही गमावते. काताबुचींनी त्या दिवसांचे हवामान, बंदरातली जहाजे, रस्त्यांवरची दुकाने यांचा वर्षानुवर्षे शोध घेतला होता, आणि तो प्रत्येक चौकटीत जाणवतो. १५ ऑगस्ट १९४५ ला सम्राटाचे भाषण रेडिओवर येते. सुझू संतापते, शेतात धावते, आणि गावातल्या घरांमधून एक कोरियन झेंडा वर चढताना काही क्षण दिसतो. मूळ चित्रकथेत त्या झेंड्यापाशी तिला कळते की आपणही इतरांना हिंसेच्या जोरावर दाबून ठेवले होते आणि म्हणून आज हिंसेपुढे वाकावे लागते आहे. चित्रपटात तिचे उद्गार बदलले आहेत: समुद्रापलीकडून आलेल्या तांदळावर, सोयाबीनवर आपला पिंड पोसला गेला, असे तिला उमगते. बदलाचे समर्थन करता येते. सुझू ही चुलीपाशी वावरणारी बाई आहे, जग तिला अन्नातून कळते, आणि कोरिया-तैवानमधून येणाऱ्या धान्यावर जपान जगत होता ही वस्तुस्थितीच आहे. राजकीय विधानापेक्षा हे तिच्या स्वभावाला धरून आहे. मी हे समर्थन गांभीर्याने घेतो. तरीही ते पुरत नाही. चित्रकथेतल्या सुझूला क्षणभर तरी कर्ता सापडला होता: आम्ही. चित्रपटातल्या सुझूपाशी फक्त धान्य उरते, आणि धान्य कोणी कोणाकडून नेले हे सांगणारे क्रियापद गळून पडते. ज्या दिग्दर्शकाने बंदरातली जहाजेही चुकू दिली नाहीत, त्याच्याच हातून हे व्हावे याचे दुःख जास्त वाटते.

मियाझाकींचा ‘द विंड राइझेस’ (२०१३) याच्या जोडीने पाहावा. झीरो लढाऊ विमानाचा आराखडा करणारे जिरो होरिकोशी त्याचे नायक. १९४१ साली जन्मलेल्या मियाझाकींच्या घरचा कारखाना याच विमानाचे सुटे भाग बनवत होता, तेव्हा हा विषय त्यांच्यासाठी परका नव्हता. चित्रपट झळकला त्याच महिन्यात राज्यघटना बदलण्याला विरोध करणारा आणि युद्धकाळात लष्कराने भोगदासी केलेल्या स्त्रियांची माफी मागावी असे म्हणणारा लेख त्यांनी स्टुडिओ जिब्लीच्या नियतकालिकात लिहिला. उजव्या गटांनी त्यांना देशद्रोही म्हटले. कोरियात उलट चित्रपटावर टीका झाली. दोन्ही बाजूंचा राग एका गोष्टीकडे बोट दाखवतो: लेखक मियाझाकी जे नाव घेऊन बोलले, ते चित्रपटकार मियाझाकींनी स्वप्नांच्या धुक्यात ठेवले. मंचुरिया, चीनमधले युद्ध, राष्ट्रसंघ सोडणे, हे सगळे विसरून जाणारा देश, असा आरोप चित्रपटात एकदा होतो, पण तो उच्चारतो एक परका जर्मन पाहुणा. सप्टेंबर १९४० मध्ये झीरोने पहिली लढाई केली ती चुंगकिंगच्या आकाशात. ते आकाश चित्रपटात नाही.

नाव घेणारे काम झालेच नाही असे नाही. केइजी नाकाझावा सहा वर्षांचे असताना हिरोशिमात होते, आणि त्यांची ‘बेअरफुट गेन’ ही चित्रकथा बॉम्ब टाकणाऱ्यांइतकीच युद्ध लादणाऱ्या सम्राटसत्तेवरही तुटून पडते, कोरियन शेजाऱ्याला होणारा जाच दाखवते. १९८३ मधला तिचा ॲनिमेपट स्फोटाची दृश्ये जशी दाखवतो तशी त्याआधी कुणी दाखवली नव्हती. मात्र या स्पष्टपणाची किंमत काय, तेही पाहू. डिसेंबर २०१२ मध्ये मात्सुए शहराच्या शिक्षण मंडळाने शालेय ग्रंथालयांत ही चित्रकथा मुलांच्या हाती सहज पडू नये असे सांगितले. आक्षेप होता तो अणुबॉम्बच्या दृश्यांवर नव्हता. आशियात जपानी सैनिकांनी केलेल्या अत्याचारांची चित्रे मुलांना झेपणार नाहीत, असे कारण होते. गदारोळ झाल्यावर ऑगस्ट २०१३ मध्ये हा निर्बंध उठला. २०२३ मध्ये तर हिरोशिमाच्याच शिक्षण मंडळाने शांतिशिक्षणाच्या पाठ्यसामग्रीतून ती काढून टाकली.

घरातल्या प्रश्नांविषयी ॲनिमे अधिक मोकळे आहे, हे खरे. सातोशी कोन यांच्या ‘टोकियो गॉडफादर्स’मध्ये (२००३) मंदीनंतरचे टोकियो नावानिशी उभे आहे, एक दारुडा, एक पळून आलेली मुलगी आणि हाना नावाची पारलिंगी स्त्री हे तीन बेघर त्याचे नायक आहेत, आणि वर्षाअखेरची साफसफाई म्हणून बेघरांना मारणारी पोरेही त्यात आहेत. नाओको यामादा यांचा ‘अ सायलेंट व्हॉइस’ (२०१६) एका बहिऱ्या मुलीच्या छळाची गोष्ट सांगताना सगळा दोष एका मुलावर ढकलून मोकळ्या होणाऱ्या शिक्षकाला आणि वर्गालाही सोडत नाही. पण इथेही मर्यादा अचानक समोर येते. ‘गुंदाम’च्या २०२२-२३ मधल्या ‘द विच फ्रॉम मर्क्युरी’ या मालिकेत दोन मुली एकमेकींशी वाङ्‌निश्चित होतात आणि शेवटी त्यांच्या बोटांत अंगठ्या दिसतात. एका मासिकात आवाज देणाऱ्या अभिनेत्रीच्या मुलाखतीत त्यांचे लग्न झाल्याचा उल्लेख छापला गेला. डिजिटल आवृत्तीतून तो काढण्यात आला आणि अर्थ प्रेक्षकांवर सोपवला आहे असे कंपनीने जाहीर केले. चित्रात चालते ते शब्दांत चालत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

यामागचा बाजारही पाहायला हवा. बहुतेक ॲनिमेचा पैसा निर्मिती समितीतून येतो. प्रकाशक, वाहिनी, संगीत कंपनी, खेळणी विकणारे, जाहिरात संस्था असे अनेक भागीदार त्यात असतात आणि जोखमीबरोबर निर्णयही वाटून घेतात. कुणालाच दुखवायचे नाही, हा अशा समितीचा नैसर्गिक कल. २०२३ मध्ये या उद्योगाची उलाढाल सुमारे ३.३५ लाख कोटी येन झाली आणि त्यातला परदेशातला वाटा, १.७२ लाख कोटींचा, जपानमधल्या वाट्यापेक्षा मोठा होता. दुसऱ्या टोकाला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲनिमेशनकारांच्या संघटनेच्या पाहणीत मधली चित्रे काढणाऱ्यांचे सरासरी वार्षिक उत्पन्न जेमतेम ११ लाख येन निघाले. परदेशी प्रेक्षक वाढले की कला धीट होईल, अशी आशा काहींना वाटते. मला ती भाबडी वाटते. अनेक देशांत एकाच वेळी विकायची वस्तू अधिकाधिक नाव-गाव नसलेली होत जाते. ज्या संघटित कामगारांतून ‘होल्स’ उभा राहिला, त्यांच्या जागी तुकड्यावर राबणारे सुटे चित्रकार असतील, तर धोका पत्करायचा कुणी?

म्हणून अलीकडच्या कामांतले एक काम मला आशादायक वाटते, आणि मराठी वाचकाला ते परके नाही. चेतना सरदेशमुख-गोसावी यांच्या अनुवादामुळे आपल्या दोन पिढ्यांनी वाचलेल्या तेत्सुको कुरोयानागींच्या ‘तोत्तोचान’वर शिन्नोसुके याकुवा यांनी केलेला ॲनिमेपट ८ डिसेंबर २०२३ रोजी जपानमध्ये झळकला, पर्ल हार्बरच्या बातमीने जपान जागा झाला तीच ही तारीख. युद्ध या चित्रपटात गाजावाजा न करता येते. डबा रिकामा होत जातो, स्टेशनवरचा तिकीट घेणारा ओळखीचा माणूस दिसेनासा होतो, आईच्या नटण्यावर रस्त्यात हरकत घेतली जाते, लष्करी गाणी वाजवायला व्हायोलिनवादक वडील नकार देतात. मित्र यासुआकीचानच्या अंत्यविधीतून बाहेर पडलेली तोत्तोचान धावत सुटते तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंनी सैनिकांना निरोप देणारी मिरवणूक, युद्ध-युद्ध खेळणारी मुले आणि जखमी होऊन परतलेला सैनिक सरकत जातात. ती कशाकडेच पाहत नाही, आपण पाहतो. मुलाच्या नजरेची जुनी सवय इथे पहिल्यांदाच आपल्याला जाब विचारते, कारण तिला जे दिसत नाही ते चित्रपटाने लपवलेले नाही. याच पुस्तकात मासाओचानचे प्रकरण आहे: ‘कोरियन’ हा शब्द शिवी म्हणून सतत ऐकल्यामुळे तोच शब्द तोत्तोचानवर ओरडणारा कोरियन मुलगा, आणि ते ऐकून डोळ्यांत पाणी येणारी तोत्तोचानची आई. लहान मुलांना समजेल अशा भाषेत कुरोयानागींनी अपराधाचे नाव घेतले, ते १९८१ मध्ये. चित्रपटाने भर दिला तो यासुआकीचानच्या मैत्रीवर. घरातल्या कपाटात ते पुस्तक असेल तर मासाओचानचे ते प्रकरण पुन्हा वाचा, मग हा चित्रपट मुलांबरोबर पाहा, आणि मुले विचारतील तेव्हा जपान कोणाशी आणि कुठे लढत होता ते त्यांना नावानिशी सांगा.